पाठपुरावा सुरू आहे

आमदारांची कार्यअहवाल पुस्तिका महाराष्ट्राला नवी नाही. वाढदिवस, दिवाळी किंवा निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल घरोघर येऊन पडतो. पहिल्या पानावर पक्षाचे नेते, पुढे नारळ फोडतानाची छायाचित्रे आणि शेवटी गावनिहाय यादी: सभामंडप, सिमेंट रस्ता, नाली, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचे शेड, पेव्हर ब्लॉक. रक्कम लाखांत, आणि शेवटच्या रकान्यात तीनपैकी एक शेरा: मंजूर, प्रस्तावित किंवा पाठपुरावा सुरू आहे. काम झाले का, झाले असेल तर टिकले का, हे या तिन्ही शेऱ्यांतून कळत नाही. अशा अहवालावर नेहमीची टीका म्हणजे तो खोटा असतो. ते बहुतेकदा खरे नसते. यादीतली कामे बरीचशी मंजूर झालेलीच असतात. अडचण वेगळी आहे. हा अहवाल आमदाराच्या कामातल्या सगळ्यात लहान भागाचा हिशेब देतो आणि सगळ्यात मोठ्या भागाबद्दल गप्प राहतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात मतदाराला हवा आहे तो प्रश्नांचा हिशेब: सभागृहात काय विचारले, सरकारने काय उत्तर दिले आणि त्या उत्तराचे पुढे काय झाले.

आधी पैशांचे बघू. महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. वाशीम जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ तीन: रिसोड, कारंजा आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला वाशीम. म्हणजे तिघांचे मिळून वर्षाला १५ कोटी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. भागाकार केला तर माणशी वर्षाला सव्वाशे रुपये पडतात. सोयाबीन पिकवणाऱ्या या जिल्ह्यात सव्वाशे रुपयांत सोयाबीन तेलाची लिटरभराची पिशवी मिळायचीही मारामार. बरे, हा पैसा आमदाराच्या खिशात नसतो. तो कामे सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम यंत्रणा करते. याच्या कितीतरी पट पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून आणि खात्यांच्या अर्थसंकल्पातून येतो. त्याचे वाटप ठरते ते मुंबईत, नाहीतर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत. त्या मोठ्या पैशापर्यंत आमदाराचा हात पोहोचतो तो प्रश्न विचारूनच. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा, पुरवणी मागण्यांवरचे भाषण ही त्याची खरी अवजारे. आणि नेमकी हीच पुस्तिकेत दिसत नाहीत. दिसलीच तर ‘सभागृह गाजवले’ एवढ्यावर आटोपतात.

हे अवजार कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा प्रश्न वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रारंभ केला, त्यात वाशीमचेही नाव होते. आता आमदाराला विचारायचे आहे की शिक्षकांची पदे भरली का, इमारतीचे काय झाले. प्रश्न एका ठरलेल्या साच्यात जातो: अमुक पदे रिक्त आहेत हे खरे आहे काय, असल्यास, ती भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही साच्यातच येते. ‘होय’ आले तर सरकारने कमतरता लेखी कबूल केली, आणि हा कागद उद्या न्यायालयातही उपयोगी पडतो. ‘अंशतः खरे आहे’ आले तर कोणता अंश, हे विचारायला पुढचे अधिवेशन आहे. ‘हे खरे नाही’ म्हटले की पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे तीन शब्द लागतात आणि विषय मिटतो, निदान कागदावर. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला तर तो आश्वासन समितीपुढे जातो आणि तिथे त्याचा माग काढता येतो. प्रश्नोत्तरे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, पण वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातला माणूस आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या शेकडो फायलींतून धुंडाळत बसेल अशी अपेक्षा करणे म्हणजे थट्टाच. निवडून त्याच्या हाती द्यायचे काम ज्याने प्रश्न विचारला त्याचे आहे.

वाशीमला अशा हिशेबाची गरज इतरांपेक्षा जास्त का, याला कारणे आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम अशी चार नावे आली. लोकसभेसाठी हा जिल्हा दुभंगलेला आहे: वाशीम आणि कारंजा यवतमाळला जोडलेले, रिसोड अकोल्याला. त्यामुळे मंगरुळपीरचा खासदार वेगळा आणि शेजारच्या मालेगावचा वेगळा. पालकमंत्री तर बाहेरचेच येतात. २०२० मध्ये साताऱ्यातल्या पाटणचे शंभूराज देसाई, मग शेजारच्या दिग्रसचे संजय राठोड, २०२५ च्या जानेवारीत कोल्हापुरातल्या कागलचे हसन मुश्रीफ, आणि त्यांनी जबाबदारी सोडल्यावर इंदापूरचे दत्तात्रय भरणे. यात कोणा एकाचा दोष नाही. जिल्ह्याला स्वतःचा मंत्री नसला की असे होते, आणि ‘झेंडावंदनापुरते पालकमंत्री’ ही तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते. पण परिणाम असा की जिल्ह्याची सलग आठवण ठेवणारे लोकप्रतिनिधी तीनच उरतात, तीन आमदार. ते आपली आठवण कागदावर उतरवत नसतील तर जिल्ह्याची स्मृती फक्त कार्यालयांच्या फायलींत राहते.

अशी स्मृती ठेवण्याची सोय आपल्या राज्यघटनेने एकदा केली होती, हे विसरले जाते. अनुच्छेद ३७१(२) नुसार विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ झाले, आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची अटच त्या अनुच्छेदात आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक विकासाचा अनुशेष मोजला, पुढे राज्यपालांचे निर्देश आले, आणि अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांच्या सिंचनाचा अनुशेष वर्षानुवर्षे त्या चर्चेचा कणा राहिला. अनुशेष भरला किती हा वादाचा विषय; पण वाद घालायला आकडे तरी होते. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली आणि तो वार्षिक हिशेब थांबला. आमदारांचा अहवाल मंडळाची जागा घेऊ शकत नाही. आपल्या मतदारसंघात सिंचनाच्या किती योजना रखडल्या आणि कशापायी, भूसंपादन की वनजमीन की निधी, एवढे तो नक्कीच सांगू शकतो.

कारंज्याने स्मृतीच्या या प्रश्नाचा दुसरा पैलू दाखवला. तिथले आमदार राजेंद्र पाटणी यांचे २३ फेब्रुवारी २०२४ रोजी निधन झाले. विधानसभेची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर पोटनिवडणूक बंधनकारक नसते, त्यामुळे ती झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सई डहाके निवडून येईपर्यंत कारंजा आणि मानोरा हे दोन तालुके नऊ महिने आमदाराविना होते. या काळात आधीच्या आमदाराने काय काय लावून धरले होते, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर मिळाले होते, हे मतदाराला कुठे पाहता येणार होते? स्वीय सहायकांच्या वह्या आणि कार्यकर्त्यांच्या डोक्यातली माहिती माणसाबरोबर जाते. छापलेला अहवाल मतदारसंघाचा होतो, आणि नव्या आमदाराला पाटी कोरी करून सुरुवात करावी लागत नाही.

अहवालात दुसरी गोष्ट हवी ती सरकारी योजनांची सरळ माहिती. ‘लाभ घ्यावा’ छापाच्या जाहिराती नकोत. नियम बदलला की तो बदल नेमका काय, हे हवे. पीक विमाच घ्या. खरीप २०२३ पासून शेतकरी एक रुपयात विमा काढत होता, आणि अतिवृष्टीने शेतात पाणी साचले की ७२ तासांत नुकसान कळवायचे हे त्याच्या अंगवळणी पडले होते. खरीप २०२५ पासून रुपयाची योजना बंद झाली, सोयाबीनसाठी शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत गेला आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या उत्पन्नावर ठरू लागली. म्हणजे ७२ तासांची ती धावपळ आता निरर्थक, आणि आपल्या महसूल मंडळात प्रयोग कुठे, कसा होतो यावर डोळा ठेवणे महत्त्वाचे. ही एवढी माहिती वेळेत मिळाली तर शेतकऱ्याचे हेलपाटे वाचतात. संजय गांधी निराधार योजनेचेही तसेच. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. इतक्यात जगणारे कुटुंब दाखला देणाऱ्या तलाठ्यालाही सापडणे कठीण. तेव्हा आमदाराने ही मर्यादा वाढवण्याचा प्रश्न विचारला का, हेही त्याच पानावर यायला हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत आणि अपिलाची वाट दिली आहे. हे ज्याला ठाऊक असते तो आमदाराच्या दारात पत्रासाठी उभा राहत नाही. कदाचित म्हणूनच हे फारसे सांगितले जात नसावे. उपकाराचे राजकारण माहितीच्या टंचाईवर पोसते.

लोकांना काम हवे, कागद कोण वाचतो, हा अशा अहवालावरचा पहिला आक्षेप. आणि मोबाइलवर आमदारांच्या चित्रफिती रोज येतच असतात. पण चित्रफितीत तेवढेच दिसते जे दाखवायचे आहे, आणि आठवड्याने ती सापडत नाही. गेल्या वर्षी एखाद्या पुलाबद्दल काय म्हटले होते हे ताडून पाहायला तारीख असलेला मजकूर लागतो. वाचणारे थोडे असतील. गावात दोघे-तिघे वाचतात आणि ग्रामसभेत उभे राहतात, तेवढे पुरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विरोधी पक्षाच्या आमदाराला निधीच मिळत नाही, तो काय दाखवणार? जिल्ह्यात २०२४ ला वाशीममध्ये श्याम खोडे आणि कारंज्यात सई डहाके भाजपकडून, तर रिसोडला काँग्रेसचे अमित झनक निवडून आले, म्हणजे दोन्ही बाजू इथेच दिसतात. कामांची यादी हे माप ठेवले तर विरोधी आमदार कायम उणा दिसणार. प्रश्नांचे माप ठेवले तर दोघेही एका पातळीवर येतात, आणि सत्ताधारी आमदाराला आपल्याच सरकारला काय विचारले हे सांगावे लागते.

तिसरा आक्षेप आमदार उघडपणे बोलत नाहीत, पण तोच खरा आहे: ‘हे राहिले’ असे स्वतःच्या सहीने लिहून दिले तर विरोधक तेच पान प्रचारात फिरवतील. फिरवतील, यात शंका नाही. एकट्या आमदाराने असा अहवाल काढणे हे राजकीयदृष्ट्या भोळेपणाचेच ठरेल. म्हणून तो ऐच्छिक ठेवून चालणार नाही. अमेरिकेत काँग्रेसचे सदस्य मतदारांना सार्वजनिक खर्चाने पत्रे पाठवतात, पण त्यात पक्षाचा प्रचार चालत नाही आणि निवडणुकीच्या आधीच्या ठरावीक दिवसांत सरसकट पत्रे पाठवण्यास मनाई असते. आपल्याकडे विधिमंडळ सचिवालयाकडे प्रत्येक सदस्याचे प्रश्न, उत्तरे आणि आश्वासने आधीच नोंदलेली आहेत. नागपूरचे हिवाळी अधिवेशन आटोपल्यावर २८८ मतदारसंघांसाठी एकाच नमुन्यात, फोटोविना, मतदारसंघाचे चार पानी विवरण सचिवालयानेच काढले, तर कबुलीचा बोजा कोणा एकावर पडत नाही. आमदाराने त्यात आपले म्हणणे एका पानात जोडावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत ते पोहोचायला महिनाभर मिळतो, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर चार पाने लावायला फारसा खर्च येत नाही.