माहितीपत्रकात नसलेले माणेकजी

इराणच्या सहलीचं माहितीपत्रक हाती आलं की मी आधी एक नाव शोधतो. पर्सेपोलिस असतं, पसारगाद असतं, शिराझची हाफिजची कबर असते, इस्फहानचा चौक आणि यझदचे वारा धरणारे मनोरे असतात. माणेकजी लिमजी हातरिया हे नाव कुठेच नसतं. ही खोड जुनी आहे. मुंबईच्या पारशांविषयी वाचताना हा माणूस एका तळटिपेत भेटला आणि मग मूळ मजकुरात परत जावंसंच वाटेना.

सहलीचा पहिला निम्मा भाग राजांचा असतो. बिसोतूनच्या कड्यावर दरायुशचा शिलालेख, पसारगादला कुरुशची कबर, नक्श-ए-रुस्तमला खडकात कोरलेली थडगी आणि त्यांच्याखाली सासानी शापूरपुढे नमलेले रोमन बादशहा. पर्सेपोलिस अलेक्झांडरने इ.स.पूर्व ३३० मध्ये जाळलं, हे वाटाड्या अशा आवाजात सांगतो की जणू धूर अजून विझायचा आहे. हे सगळं पाहावंच. पण तिथे कुणी पूजा करत नाही. ज्या जरथुष्ट्री धर्माच्या नावाने आपण ही यात्रा करतो, तो जिवंत भेटतो यझदला, आणि यझदला पोचलं की गोष्ट वेगळ्याच गावाकडे वळते.

यझदच्या आतश बेहराममध्ये काचेपलीकडे अग्नी दिसतो. परंपरा सांगते की तो इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून तेवतो आहे. आधी फार्सच्या दक्षिणेला, मग अर्दकानला, शेवटी यझदला अशी त्याची स्थलांतरं झाली. गट गप्प होतो, फोटो काढतो. समोरचं गोल तळं, दर्शनी खांब आणि वरचा पंखवाला फरोहर पाहून सगळेच ही वास्तू प्राचीन आहे असं धरून चालतात. वास्तू १९३४ सालची आहे. पैसा पुष्कळसा मुंबईच्या पारशांचा, आणि चेहरामोहराही मुंबईच्या अगियारींशी नातं सांगणारा. फरोहर पर्सेपोलिसच्या दगडावर होताच, पण धर्माचं बोधचिन्ह म्हणून तो घराघरांत पोचला विसाव्या शतकात. जमशेदजी उनवालांनी १९२५ मध्ये त्याच्या अर्थाविषयी लिहिलं, त्यानंतर ही चर्चा मुंबईतच रंगली. आणखी एक गंमत. मुंबईत चार आतश बेहराम आहेत आणि त्यांपैकी एकाचाही अग्नी तुम्हा-आम्हाला दिसणार नाही; बिगरपारशांना दाराशीच थांबावं लागतं. यझदला मात्र तिकीट काढून कुणीही आत जातो. धोबीतलावला जे दिसत नाही ते पाहायला मराठी माणूस अरबी समुद्र ओलांडतो.

मुंबईचा पैसा तिथे पोचला कसा? एक धागा एका मुलीपाशी जातो. १७९६ च्या सुमारास कैखुस्रो यझदयार नावाचा एक जरथुष्ट्री इराणातून मुंबईला पळून आला, कारण त्याची मुलगी गुलिस्तान बळजबरीने पळवली जाण्याची भीती होती. गुलिस्तान मुंबईतल्या फ्रामजी भिकाजी पांडे यांच्या घरात दिली गेली. तिचं माहेर म्हणजे या घरातली सततची आठवण. तिच्या मुलांपैकी बरजोरजींनी इराणातून येणाऱ्या निर्वासितांसाठी निधी उभा केला, मेहेरवानजींनी पुढे थेट इराणातल्या धर्मबांधवांसाठी संस्था काढली, आणि दिनशा पेटिटांसारखे धनिक मागे उभे राहिले. संस्थेने १८५४ मध्ये आपला प्रतिनिधी इराणला पाठवला. तेच माणेकजी.

ते दस्तूर नव्हते, पंडित नव्हते, श्रीमंतही नव्हते. १८१३ मध्ये सुरतेजवळच्या एका गावात जन्म, पंधराव्या वर्षापासून कमाई, व्यापारी गुमास्त्याच्या कामात सिंधपर्यंत भटकंती. माझ्या मते निवड याचमुळे अचूक ठरली. विद्वान पाठवला असता तर त्याने हस्तलिखितं गोळा केली असती. गुमास्त्याने माणसं मोजली. सगळ्या इराणात मिळून सात-साडेसात हजार, बहुतेक यझद आणि आसपासच्या खेड्यांत, काही केरमानला, तेहरानला मूठभर. ज्या साम्राज्याच्या भिंती आपण पर्सेपोलिसला डोळे भरून पाहतो, त्याचा धर्म सांभाळणारी माणसं एवढीच उरली होती.

आणि ती कशी राहत होती? बिगरमुसलमानांवरचा जिझिया कर होता. घोड्यावर बसायचं नाही, घर उंच बांधायचं नाही, कपडे पिवळट, रंग उडालेले. घरातला एखादा मुसलमान झाला तर सगळ्या भावंडांची वाटणी त्याच्याच पदरात. माणेकजींनी यझद आणि केरमानचे अग्नी असलेली घरं डागडुजी करून घेतली, दख्मे बांधले, शाळा उघडल्या, गरीब मुलींची लग्नं लावून दिली. यझदच्या शिवेवर दोन टेकड्यांवर जे दोन दख्मे सहलवाले ‘शांततेचे मनोरे’ म्हणून दाखवतात, त्यांतल्या एकाला आजही माणेकजींचंच नाव आहे. वाटाडे त्याला बेधडक हजारो वर्षांचा ठरवतात. यझदमध्ये प्रेतं दख्म्यावर ठेवण्याची रीत १९६० च्या दशकात थांबली आणि दफनभूमी आली. म्हणजे हा ‘प्राचीन’ मनोरा जेमतेम शतकभर वापरात होता.

सगळ्यात चिवट लढाई जिझियाची. अठ्ठावीस वर्षं चालली. माणेकजी तेहरानला दरबारात खेटे घालत, इंग्रज वकिलातीचा आधार घेत. १८५९-६० मध्ये तिथे वकील होता तो रॉलिन्सन, ज्याने बिसोतूनचा शिलालेख वाचला. म्हणजे दरायुशची अक्षरं लावणारा आणि दरायुशच्या धर्माच्या माणसांवरचा कर कमी व्हावा म्हणून झटणारा हे दोघे एकाच शहरात वावरत होते. १८७३ मध्ये इराणचा नासिरुद्दीन शाह लंडनला गेला तर तिथले पारशी त्याला जाऊन भेटले. मुंबईच्या निधीचे लाखाहून अधिक रुपये या एका कामात खर्ची पडले. शेवटी १८८२ मध्ये फर्मान निघालं आणि कर गेला.

इथे बहुतेक लेखक टाळ्या वाजवून थांबतात. मला मात्र नेपियर माल्कम आठवतो. हा इंग्रज मिशनरी यझदला राहिला आणि १९०५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यातली बंधनांची यादी वाचावी. १८८५ पर्यंत जरथुष्ट्र्यांना अंगठी घालायची मनाई. १८९५ च्या आसपासपर्यंत छत्री नाही, चष्मा नाही. फर्मान निघून तेरा वर्षं झाली तरी यझदच्या उन्हात म्हाताऱ्याने चष्मा लावायचा नाही! शाहने तेहरानहून कर उठवला. छत्री कुणी उघडायची हे यझदच्या गल्लीतच ठरत राहिलं. कागदावर हक्क मिळणं आणि रस्त्यावर मिळणं यांतलं अंतर आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. माणेकजी १८९० मध्ये तेहरानला वारले. छत्र्या त्यांनी पाहिल्या नाहीत.

इथवर हा माणूस निखळ परोपकारी वाटतो. तसा तो नव्हता, आणि मला तो आवडतो तो त्यामुळेच. तो स्वतःला ‘दर्वेश फानी’ म्हणवत असे. सुफी दर्वेशांमध्ये बसे. बगदादमध्ये तो बहाई पंथाचा पुढे संस्थापक ठरलेल्या, हद्दपार बहाउल्लाहला भेटला होता आणि पुढे दोघांचा पत्रव्यवहार झाला. तेहरानच्या त्याच्या दफ्तरात चिटणीस म्हणून बसत ते मिर्झा अबुल फझल, पुढे बहाई पंथाचे मोठे पंडित झालेले. एवढंच नव्हे, ज्यातून बहाई पंथ निघाला त्या बाबी पंथाचा इतिहास लिहवून घेण्याची कल्पना माणेकजींची. त्यांच्या सांगण्यावरून मिर्झा हुसेन हमदानी यांनी ‘तारीख-ए-जदीद’ लिहिली आणि केंब्रिजच्या ब्राउनने १८९३ मध्ये तिचं इंग्रजी भाषांतर छापलं. पारशी संस्थेच्या पगारी माणसाने, ज्यांना शाह फासावर चढवत होता त्या पंथाचा इतिहास लिहवून घ्यावा, हे मुंबईच्या शेटजींना किती ठाऊक होतं कोण जाणे.

त्याहून मोठा घोटाळा पुस्तकाचा. अठराव्या शतकात पारशांमध्ये पंचांगावरून भांडण पेटलं. महिना कोणता धरायचा यावर शहेनशाही आणि कदमी असे दोन तट पडले. या वादाचं उत्तर शोधायला भरूचचे मुल्ला काउस १७६८ मध्ये मुलाला घेऊन इराणला गेले. परत येताना इस्फहानहून एक हस्तलिखित आणलं: ‘दसातीर’. त्यात इराणच्या आदिम पैगंबरांची वचनं, कुणाला कळत नाही अशा भाषेत, खाली फारसी टीका. मुलगा मोठा होऊन मुल्ला फिरोज झाला आणि त्याने १८१८ मध्ये मुंबईत ते छापलं. खळबळ उडाली. आज अभ्यासकांना शंका नाही: दसातीर हे आझर कैवान या इराणी गूढवाद्याच्या वर्तुळात, सोळाव्या-सतराव्या शतकात रचलेलं बनावट आहे, भाषाही बनवलेली. आझर कैवान शेवटी कुठे वारला? पाटण्याला, १६१८ मध्ये.

माणेकजींचा दसातीरवर विश्वास होता. ते इराणला नुसते रुपये घेऊन गेले नाहीत. हे पुस्तकही मनात घेऊन गेले. तेहरानमध्ये काजार राजघराण्यातला जलालुद्दीन मिर्झा त्यांचा स्नेही झाला. त्याने १८६८ पासून ‘नामे-ए-खुस्रवान’ हा राजांचा इतिहास अरबी शब्द गाळून लिहिला, आणि त्यात दसातीरमधल्या राजवंशांना जागा मिळाली. तिफ्लिसचे विचारवंत आखुंदझादे यांच्याशीही माणेकजींची पत्रं चालत. इस्लामपूर्व वैभवाचं जे वारं पुढे इराणी राष्ट्रवादात घुमलं, त्यात मुंबईत छापलेल्या एका खोट्या पुस्तकाचा असा हातभार आहे. इस्फहानहून निघालेलं बनावट नाणं मुंबईच्या टांकसाळीत चकचकीत होऊन तेहरानच्या बाजारात चाललं. मुल्ला फिरोजांचा ग्रंथसंग्रह आज मुंबईच्या फोर्टात, कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. इराणची कुठलीही सहल खरं तर तिथून सुरू व्हावी, स्वस्तही पडेल.

मदत करणारा माणूस नुसती मदत करत नाही, आपली रीतही देतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण यझदच्या परिसरातल्या डोंगरी तीर्थांत मिळतं. चकचक माहितीपत्रकात असतं: कड्यातून ठिबकणारं पाणी, शेवटचा सासानी राजा यझदगर्द याची मुलगी निकबानू अरबांपासून पळताना इथे डोंगरात गडप झाली अशी कथा, जूनच्या मध्यावर भरणारी जत्रा. पण मला खुणावतं ते अकदाजवळचं बानू पार्स. तिथली कथा अशी की, पळणारी राजकन्या तहानेने व्याकूळ होऊन एका शेतकऱ्याकडे आली. त्याने गाय पिळली, भांडं भरलं आणि गाईने लाथ मारून दूध सांडलं. राजकन्या तहानलेलीच डोंगराकडे धावली आणि डोंगराने तिला पोटात घेतलं. म्हणून त्या ठिकाणी गाय बळी देत.

माणेकजी हे पाहून हादरले. शतकानुशतकं हिंदूंच्या शेजारात राहिलेल्या गुजराती पारशाला गाईचा बळी धर्मात बसेना. यझदच्या दस्तुरांना त्यांनी तो बंद करायला लावला. म्हणजे प्राचीन इराणी धर्माचं रक्षण करायला गेलेल्या माणसाने तिथली एक जुनी इराणी प्रथा हिंदुस्थानातल्या संस्कारापायी मोडली. यात चूक कुणाची हे मला ठरवता येत नाही. बळी जाणारी गाय नक्कीच माणेकजींच्या बाजूची असणार. पण जो पैसे देतो त्याचं ऐकावं लागतं, हे यझदच्या दस्तुरांना त्या वेळी कळलंच असेल.

१९६३-६४ मध्ये मेरी बॉइस ही इंग्रज विदुषी शरीफाबाद या यझदजवळच्या खेड्यात जरथुष्ट्री घरात जाऊन राहिली. माणेकजींवर तिने पुढे स्वतंत्र निबंध लिहिला. त्या माणसाला तळटिपेतून वर काढलं ते तिनेच. ती यात्रेकरूंबरोबर डोंगरातल्या तीर्थांना गेली. माणेकजींच्या आग्रहाला तोवर शंभर वर्षं होऊन गेली होती. गाय थांबली होती. शेळ्यामेंढ्यांचे बळी मात्र या तीर्थांच्या दारात चालूच होते.