हलकी किक

छत्रपती संभाजीनगर–सिल्लोड–अजिंठा रस्त्यावरच्या फुलंब्रीत शेतावर, बाजारात आणि शहराच्या फेऱ्यांना जुन्या मोटारसायकली अजून राबतात. पलीकडे वाळूजला बजाजचा कारखाना 1985 साली सुरू झाला आणि मोटारसायकल दुरुस्ती हा या भागातला घरोघरी ठाऊक असलेला धंदा झाला. गाडी चढावर दम टाकू लागली, निळसर धूर मारू लागली, की मेकॅनिक किक मारून बघतो. किक हलकी लागली तर निदान ठरलेलं: ‘कॉम्प्रेशन गेलंय.’ आणि पुढचं वाक्य: ‘इंजिन खोलावं लागेल.’

या दोन वाक्यांच्या मध्ये दहा मिनिटांची एक तपासणी बसते. ती पुष्कळदा होतच नाही.

कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण दाबण्याला, एवढं महत्त्व आलं ते निकोलाउस ऑटोमुळे. 1860 मध्ये लेन्वारने बनवलेल्या गॅस इंजिनात मिश्रण न दाबताच पेटवलं जाई. इंधन भरपूर जळे आणि ताकद बेताची मिळे. 1876 मध्ये ऑटोने मिश्रण आधी दाबून मग पेटवणारं चार स्ट्रोकचं इंजिन चालवलं. आजची स्प्लेंडर त्याच चक्रावर पळते. तिच्या 97.2 सीसीच्या सिलिंडरचा बोअर 50 मिलिमीटर, आणि आत आलेलं मिश्रण जवळपास नऊ-दहा पट दाबलं जातं. जुन्या लोखंडी बॅरलच्या बुलेट 350 मध्ये हे प्रमाण साडेसहाच्या आसपास होतं.

तपासणीला लागतो कॉम्प्रेशन गेज आणि प्लग पाना. गाडी थोडी फिरवून इंजिन गरम करायचं, इग्निशन बंद ठेवायचं, प्लग काढून त्या जागी गेजची नळी आट्यांत घट्ट बसवायची. चोक बंद. मग ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत जोरात किका मारायच्या. ॲक्सिलेटर पिळायला विसरणं ही नेहमीची चूक: कार्ब्युरेटरची वाट बंद राहते, हवा आत जात नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची जुनी पद्धत वाईट नाही, पण अंगठ्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच कळतं.

आलेला आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडायचा, तोही जरा सबुरीने. संभाजीनगरचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ, त्यामुळे काटाही तेवढा खाली थांबतो. गेज-गेजमध्येही फरक पडतो. म्हणून गाडी चांगली असतानाच एकदा मोजून आकडा डायरीत लिहून ठेवलेला बरा. पुढे त्याच गेजवर किती उतरला, हे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त खरं बोलतं.

आकडा कमी आला तर खरी करामत पुढे आहे आणि तिला खर्च जवळपास नाही. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं, दोन-चार किका मारून ते पसरू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यातली फट तेलाने तात्पुरती भरते. काटा लक्षणीय वर गेला, तर गळती खाली आहे: रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही, तर गळती वर आहे: व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

हा फरक थेट खिशाशी जोडलेला आहे. बोअर झिजला असेल तर सिलिंडर लेथवाल्याकडे जातो, बोअर मारून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसतो. गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’. व्हॉल्व्ह गळत असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवला की भागतं. आणि कधी कधी तेवढंही लागत नाही. टॅपेट फार टाइट झालेलं असतं, व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. फीलर गेज लावून सेटिंग केलं की दाब परत येतो. म्हणून हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी टॅपेट बघून घ्यावं. उलटा धोकाही आहे. हेडमध्ये साचलेला कार्बन जागा व्यापतो आणि आकडा फुगवतो, त्यामुळे जास्त आलेलं कॉम्प्रेशन बघून लगेच खूश होऊ नये.

आरएक्स 100 किंवा जुन्या येझ्दीवाल्यांनी मात्र चमचा जपून वापरावा. त्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, वर-खाली हा निवाडा तिथे चालत नाही. शिवाय त्यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं. क्रँकचं सील गेलं असेल तर वर काटा ठणठणीत उभा राहतो आणि गाडी तरीही नीट चालत नाही; तिथे क्रँककेसमध्ये हवा भरून ती कुठून निसटते हे शोधावं लागतं.