सड्यावरून सुरू होणारा हिवाळा

डिचोलीच्या बाजारातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त होईपर्यंत मी वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. आतल्या पानावर एक जाहिरात दिसली. पाहिजेत : जनरेटर मेकॅनिक, वाहन मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, बॉयलर ऑपरेटर, सुतार, स्वयंपाकी. कामाचं ठिकाण : अंटार्क्टिका. थेट मुलाखत : सडा, वास्को. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. गॅरेजवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. अर्धं आयुष्य त्यानं खाणीवरच्या टिपरची इंजिनं खोलण्यात घालवलेलं. त्यानं एकच विचारलं, "तिथं डिझेल थिजत नाही का?"

तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी सड्यावर गेलो.

जाहिरात देणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथं, हेडलँड सड्यावर आहे. खाली मुरगावचं बंदर. 6 डिसेंबर 1981 रोजी 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं जहाज भारताच्या पहिल्या मोहिमेतल्या 21 जणांना घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावरून निघालं. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. 9 जानेवारी 1982 रोजी ही मंडळी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली आणि फेब्रुवारीत गोव्यात परतलीही. दोन वर्षांनी तिसऱ्या मोहिमेत दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, मूळच्या नागपूरच्या अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. याच मोहिमेनं 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं भारतीय स्थानक उभारलं.

मला मात्र त्यानंतरच्या दिवसाचं कुतूहल आहे. 1984च्या मार्चच्या सुमारास जहाज परत फिरलं आणि बारा माणसं मागं राहिली. पुढचं जहाज येईपर्यंत ना डॉक्टर बदलून मिळणार, ना सुटा भाग, ना भाजी. भारताचा हा पहिला ध्रुवीय हिवाळा.

दक्षिण गंगोत्री बर्फाच्या थरावर उभी होती. वर्षागणिक बर्फ साचत गेला आणि स्थानक त्यात गाडलं गेलं. त्यातून शिकून 'मैत्री' 1989मध्ये शिर्माकर ओॲसिस या उघड्या खडकाळ पट्ट्यात, खांबांवर उभारली गेली. हिवाळ्यात तिथं सुमारे पंचवीस माणसं राहतात. 2012मध्ये लार्समन टेकड्यांवर 134 कंटेनर जोडून 'भारती' उभी राहिली. इतिहास एवढा पुरे. गॅरेजवाल्याच्या प्रश्नाकडे येतो.

डिझेल थिजतं. कडक थंडीत त्यातलं मेण वेगळं होतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन उपाशी मरतं. म्हणून तिथं थंडीतही पातळ राहणारं खास इंधन न्यावं लागतं. जहाज ते बर्फाच्या कड्यापाशी उतरवतं. तिथून मैत्री सुमारे शंभर किलोमीटर आत. पट्ट्यांवर चालणारी 'पिस्टन बुली' वाहनं टाक्या लादलेल्या घसरगाड्या ओढत नेतात. हे सगळं उजेडाच्या महिन्यांत उरकायचं. हिवाळ्यात इंधन कमी पडलं, तर मागायचं कुणाकडे?

मैत्रीसमोर गोड्या पाण्याचा तलाव आहे, नाव प्रियदर्शिनी. हिवाळ्यात त्याचा वरचा थर दगडासारखा होतो, खाली पाणी न गोठता राहतं. पंप ते उपसतो आणि नळातून स्थानकात आणतो. नळाला उष्णतारोधक वेष्टण असतं, शिवाय विजेची ऊब द्यावी लागते. ती ऊब जनरेटरच्या जिवावर. म्हणजे जनरेटर बंद पडला की फक्त दिवे जात नाहीत, नळातलं पाणी गोठतं. गोठलेलं पाणी फुगतं आणि नळ फुटतो. मग स्वयंपाक, आंघोळ आणि खोल्यांची ऊब एकापाठोपाठ एक जातात. बाहेर पारा उणे 30च्या खाली. इथं आमच्याकडे वीज गेली की आपण पंख्याकडे बघत बसतो. तिथं वीज जाणं म्हणजे घर मरायला लागणं.

त्यामुळे हिवाळ्यात जनरेटरवाल्याचे कान झोपेतही जागे असतात असं म्हणायला हरकत नाही. इंजिनाचा सूर जरा बदलला, तर त्याला उठायलाच हवं. पाळीनं तेल बघणं, दाब बघणं, नोंद करणं, चालू संच थांबवण्याआधी दुसरा सुरू करणं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण स्थानकातलं सगळं विज्ञान त्यावर उभं आहे. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं मैत्रीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद घेतात, हवामान खातं फुग्याला उपकरण बांधून ओझोन मोजतं. जगाला माहीत असतात त्या या नोंदी. त्या अखंड राहाव्यात म्हणून काळोखात तेलकट हातांनी कुणी संच बदलला, ते कुठल्याच आलेखात उमटत नाही.

मेच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत मैत्रीत सूर्य उगवतच नाही. नेमके तेच दोन महिने इकडे गोव्यात, पेडण्यात संततधार असते, शेतं तुडुंब भरलेली असतात. 21 जूनला अंटार्क्टिकावरची स्थानकं एकमेकांना मध्यहिवाळ्याच्या शुभेच्छा पाठवतात. तीन दिवसांनी इकडे सांजांवच्या सणाला लोक विहिरीत उड्या घेतात. तिथं मात्र बाहेर पडायचं तर आधी वारा विचारायचा. हिमवादळात तो ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो आणि पुढे केलेला हातही दिसत नाही.

माणसाच्या आतही हिवाळा शिरतो. झोपेचं वेळापत्रक मोडतं, शब्द आठवायला वेळ लागतो, जेवणाच्या टेबलावरची क्षुल्लक सवय डोक्यात जाते. म्हणूनच आधी दिल्लीच्या एम्समध्ये शरीर आणि मन दोन्ही तपासतात, औलीच्या बर्फात सराव करून घेतात. अशा मुक्कामात स्वयंपाक्याचं महत्त्व स्थानकाच्या प्रमुखाच्या खालोखाल. डब्यातल्या आणि गोठवलेल्या भाज्यांतून महिनोन् महिने चव काढायची, सणाला गोड करायचं, टेबलावर माणसं एकत्र बसती ठेवायची. मन राखणं हेही त्याचंच काम.

धोके खरे आहेत. मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्हस्काया स्थानक आहे. 30 एप्रिल 1961 रोजी तिथला एकुलता एक डॉक्टर, 27 वर्षांचा लिओनिद रोगोझोव्ह, यानं स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं. हत्यारं हाती देत होता हवामानतज्ज्ञ आणि आरसा धरून उभा होता वाहनचालक. आपल्या मोहिमेलाही किंमत मोजावी लागली आहे. जानेवारी 1990मध्ये नवव्या मोहिमेतले चौघे तंबूत कार्बन मोनॉक्साइड वायूनं गुदमरून गेले. तेही तिथल्या ऐन उन्हाळ्यात. हिवाळ्यात तर घरी आई गेली तरी अंत्यदर्शनाला येता येत नाही. ही गोष्ट सही करण्याआधी प्रत्येकानं घरी बसून बोलायला हवी. पैसा बरा मिळतो म्हणून धावत सुटणाऱ्यांसाठी ती जागा नाही.

मैत्रीचं वय आता पस्तिशी ओलांडून गेलंय. जुने सांधे, जुने नळ, जुन्या वायरी यांना दर हिवाळ्यात जास्त हात लागतात. 'मैत्री-2'ची योजना आहे, पण नवं स्थानक उभं राहीपर्यंत जुन्याला सांभाळणारा माणूस लागणारच, आणि नव्यालाही लागेल.

तो माणूस आपल्याकडे आहे. 2012ला खाणी थांबल्या, 2018ला पुन्हा थांबल्या. डिचोलीच्या किती मेकॅनिकांची, वेल्डरांची, एक्स्कॅव्हेटर चालवणाऱ्यांची हातची कला वर्षानुवर्षं रिकामी बसली! धुळीत आणि पावसात अवजड यंत्र चालू ठेवायला शिकलेले हे हात बर्फातही शिकतील. देशाच्या ध्रुवीय मोहिमांचं मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. तरी मुलाखतीची जाहिरात आपल्या मुलांपर्यंत पोचते का?

डिचोली आणि पेडण्याच्या आयटीआयमधल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढची जाहिरात आली की ती फलकावर लावा, वर्गात वाचून दाखवा, आणि काम किती कठीण आहे तेही सांगा. गॅरेजवाल्याला मी परत जाऊन उत्तर दिलं : डिझेल थिजतं, म्हणूनच तिथं माणूस लागतो. त्यानं जाहिरातीचं कात्रण मागून घेतलं. त्याचा मुलगा यंदा आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला आहे.