एक संगणक, दोन कारभारी

एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली नांदवण्याची रीत आता पुष्कळ घरांत शिरली आहे. कर्वेनगरात तर तिचे नवल वाटू नये. ज्या हिंगण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम आणला, तेथेच त्यांच्या संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे. आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना लिनक्सशी ओळख ही करून घ्यावीच लागते. वडीलधाऱ्यांचे हिशेब आणि पत्रे मात्र विंडोजवर असतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. चालता संगणक टाकून देण्यापेक्षा त्यात लिनक्स घालून पाहावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. मग प्रश्न येतो, एकीत लिहिलेला मजकूर दुसरीत उघडायचा कसा?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, या दोघी एकाच वेळी जाग्या नसतात. संगणक सुरू करताना आपण जिला निवडतो तिच्या हाती कारभार जातो. डिस्कचे भाग पाडलेले असतात, आणि कोणती फाइल कोठे ठेवली याची नोंद ठेवण्याची प्रत्येकीची रीत निराळी असते. पेशवे दफ्तरातले रुमाल आठवावेत. कागद समोर असतो, शाई ठळक असते, भाषाही मराठीच असते. परंतु ज्याला मोडी येत नाही त्याला तो कागद मुकाच राहतो. येथे तसेच होते. विंडोजची नोंदपद्धती एनटीएफएस, ती १९९३ साली आली. लिनक्सची आजची रूढ पद्धती ईएक्सटी-४, ती २००८ सालची. लिनक्सला पहिली वाचता येते व लिहिताही येते. विंडोजला दुसरी आपणहून वाचता येत नाही. लिनक्सच्या पद्धतीचा पेनड्राइव्ह विंडोजला लावला, तर 'फॉरमॅट करू काय?' असे ती विचारते. येथे 'होय' म्हणणे म्हणजे आतल्या साऱ्या मजकुरावर पाणी सोडणे होय.

यास्तव सोपा मार्ग असा : दोघींना लागणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर एक स्वतंत्र, सामाईक भाग ठेवावा आणि तो एनटीएफएस पद्धतीचा करावा. ने-आण करण्याच्या पेनड्राइव्हला एक्सफॅट बरी. जुन्या फॅट-३२ मध्ये चार गिगाबाइटची एक फाइल मावत नाही, म्हणून लग्नाच्या चित्रफितीला ती अपुरी पडते.

आता खरा धोका सांगतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. आपण संगणक बंद करतो तेव्हा विंडोज पुरती बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ती झोपी जाते. डिस्कवर काय कोठे आहे, याची तिची आठवणही त्या स्थितीत गोठलेली असते. मधल्या वेळात लिनक्सने तेथे नवे काही लिहिले, तर जागी झालेली विंडोज जुन्या आठवणीवर विसंबून त्यावरच लिहू लागेल, आणि वर्षभराचा प्रबंध एका सकाळी बिघडेल. म्हणूनच अशा वेळी लिनक्स तो भाग उघडण्याचे नाकारते किंवा केवळ वाचू देते. त्या नकाराला दोष समजून बळजबरी करू नये. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती सोय बंद करावी. निदान लिनक्सकडे जाताना 'शट डाउन' न म्हणता 'रिस्टार्ट' म्हणावे, कारण त्यात विंडोज पुरती बंद होते.

दुसरी गोष्ट नावांची. विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम चालत नाही, लिनक्सला चालतो. आपल्याकडे 'अंतःकरण' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकण्याची सवय पुष्कळांना आहे. अशा नावाची फाइल लिनक्समध्ये सुखाने राहते आणि विंडोजमध्ये उघडेनाशी होते.

तिसरी गोष्ट घड्याळाची. संगणकातल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ. परिणामी लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. मुंबईने १९५५ पर्यंत आपली वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे ठेवली होती. तसाच हा दुहेरी कारभार. मात्र त्यामुळे फाइलीवरची वेळ चुकते आणि दोन प्रतींपैकी नवी कोणती हे ठरवताना घोटाळा होतो. दोघींना एकच रीत लावून द्यावी.

शेवटी लिपीविषयी. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मराठी मजकूर दुसरीकडे नेला आणि तेथे तो फाँट नसला, तर फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसतात. फाइल शाबूत असते, हे समजून घाबरू नये. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा.

तात्पर्य, सामाईक भाग म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्क एकच आहे. ती गेली की दोन्ही कारभाऱ्यांचे दप्तर एकदमच जाते. म्हणून ज्याची किंमत आपणास वाटते त्या मजकुराची एक प्रत या संगणकाबाहेर असू द्यावी. आणि दोन प्रणाली घालण्याचा बेत असेल, तर ती प्रत आधी काढावी, डिस्कचे भाग मागाहून पाडावेत.