रात्रपाळीची नोकरी आणि शरीराचे घड्याळ

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील अनेक घरांत आज कुणी ना कुणी कॉल सेंटरमध्ये नोकरीला आहे. संध्याकाळी कंपनीची गाडी न्यायला येते, ऐरोलीत किंवा वागळे इस्टेटमध्ये कानाला हेडफोन लावून रात्र सरते आणि शेजारी दूध आणायला निघतात तेव्हा ही मंडळी घरी परततात. माझ्या दवाखान्यात ती येतात आम्लपित्त, डोकेदुखी, चिडचिड, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन. सोबतच्या आईची तक्रार मात्र निराळी असते. "डॉक्टर, दिवसभर नुसता लोळतो. एखादे टॉनिक द्या!"

वाचकहो, हा आळस नव्हे. आपल्या मेंदूत पेशींचा एक चिमुकला पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते वेळ लावून घेते. अंधार झाला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवते व झोप येते. पहाटे शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि मग ते चढू लागते. या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रात्रपाळीचा माणूस अंथरुणावर पडतो तेव्हा शरीर उठायच्या तयारीत असते. म्हणून दिवसाची झोप तुटक व अपुरी होते.

न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सुटीच्या दिवशी ही मुले पुन्हा घरच्या वेळेने वागतात. त्यामुळे घड्याळाला धड कुठलीच वेळ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात २००७ मध्ये घातले व २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवले. याचा अर्थ प्रत्येकाला कर्करोग होईल असा नाही. पण रात्रपाळी हलक्यात घेऊ नये, हे नक्की.

दुसरा ताण मनाचा. समोरचा शिव्या देत असला तरी आवाज गोड ठेवायचा, लगेच पुढचा फोन घ्यायचा, लघवीला जायचे तरी मिनिटे मोजायची! राग गिळून हसरा आवाज काढणे हेही श्रमच आहेत. त्यातच ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तेव्हापासून सचोटीने काम करणाऱ्यांकडेही संशयाने पाहणारे भेटतात. मनाची उभारी जाते ती अशाने.

मग करावे काय? घरी परतताना उजाडले असेल तर गडद चष्मा लावावा. खोलीत जाड पडदा लावून अंधार करावा. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळातच घ्यावी. मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी करावे. मध्यरात्री वडापाव नको, हलके खावे. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा. पाळी संपल्यावर स्वतः मोटारसायकल चालवू नये. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

घरच्यांनी दुपारी कुकर, टीव्ही व पाहुणे यांतून त्याची झोप सांभाळावी. 'झोपाळू' म्हणून टोमणे मारू नयेत.

व्यवस्थापकांनी पाळ्या आठवड्याला उलटसुलट फिरवू नयेत आणि त्रासदायक फोननंतर दोन मिनिटे उसंत द्यावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता व ने-आण यांची व्यवस्था हवी. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

दोन आठवडे झोप नाही, कशातच गोडी वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, असे झाले तर डॉक्टरांना भेटण्यात संकोच नको. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. रात्रभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्याचे गाऱ्हाणेही कुणीतरी ऐकायला हवे. ती सुरुवात घरातून व्हावी.