प्रोसेसर कसा निवडावा? व्हिडिओ एडिटिंग, गेम आणि आपला खिसा



गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर एक पालक भेटायला आले. निफाडकडचे, द्राक्षबागायतदार. धाकटी माझ्या वर्गात, थोरला अकरावीला. म्हणाले, "गुरुजी, द्राक्षाचे पैसे आलेत. पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. एडिटिंग शिकतो म्हणतो, पण मला माहितीये, गेमपण खेळणार. दुकानदार म्हणतो आय सेव्हनच घ्या. घेऊ का?"

मी म्हणालो, "थांबा. ही चूक मी केलीय."

माझी चूक

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सगळेच पाठांचे व्हिडिओ बनवायला लागलो. मोबाइलवर काम होईना म्हणून मी एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला. "सर, आय सेव्हन आहे," एवढंच ऐकून पैसे दिले. घरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ उघडला, तर चित्र अडकत अडकत पुढे जाई.

नंतर नाव नीट वाचलं. आय-७ २६००, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. आजचे बरेच मोबाइल व्हिडिओ एचईव्हीसी पद्धतीने दाबून साठवतात. ती पद्धत आली २०१३ साली. जी पद्धत जन्मालाच आली नव्हती, ती उलगडायची सोय त्या चिपमध्ये असणार कुठून? शिवाय असे जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

म्हणून पहिला धडा : आय-३, आय-५, आय-७ ही नुसती इयत्ता झाली. कोणत्या सालची बॅच, तेही बघायचं. २०२२ च्या आय-३ १२१०० मध्ये माझ्या आय-७ इतकेच ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत, आणि तरी तो त्याच्या कितीतरी पुढे आहे.

कोअर म्हणजे शिक्षक

कोअर म्हणजे काम करणारा माणूस. ४ कोअर म्हणजे शाळेत ४ शिक्षक.

थ्रेड म्हणजे काय, हे आपल्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना सांगायलाच नको. तिसरीला लेखन दिलं आणि तेवढ्यात चौथीला गणित शिकवलं. माणूस एकच, वर्ग दोन. रिकामा वेळ वाया जात नाही, पण म्हणून एका शिक्षकाचे दोन शिक्षक होत नाहीत. थ्रेड दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, असं धरू नका.

गिगाहर्ट्झ हा कामाचा ठेका. पण तो एकाच पिढीत तुलना करताना कामाचा, कारण नवी पिढी एकेका ठेक्यात जास्त काम उरकते. कॅश म्हणजे टेबलावरचं सामान. लागणारं पुस्तक टेबलावरच असलं की कपाटापर्यंत हेलपाटा नको.

दोन कामांचा स्वभाव वेगळा

दहा मिनिटांचा व्हिडिओ, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे १८,००० चित्रं. एडिटिंग झाल्यावर एक्सपोर्ट करताना ती सगळी तयार करायची असतात. हे सत्राचे पेपर तपासण्यासारखं आहे. गठ्ठे वाटून घेतले की काम लवकर आटपतं, म्हणून इथे जास्त कोअर उपयोगी पडतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक केला, त्याचं तत्त्वही हेच. एकच अवाढव्य प्रोसेसर न शोधता अनेक छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून दिलं.

गेमचं तसं नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला जेमतेम १६ ते १७ मिलिसेकंद मिळतात. आधी शत्रू कुठे हलला ते ठरणार, मग गोळी लागली का ते कळणार. गोष्ट सांगण्यासारखं हे काम. चार शिक्षकांनी मिळून एक गोष्ट चौपट वेगाने सांगता येत नाही. म्हणून गेमला एकेक कोअर वेगवान हवा, आणि चित्र रंगवायला ग्राफिक्स कार्ड. मोठ्या गेममध्ये बहुतेक वेळा कार्डच कमी पडतं, प्रोसेसर नाही.

दोन्ही कामं करणाऱ्या घरगुती कॉम्प्युटरला ६ कोअर आणि १२ थ्रेड हा मधला, परवडणारा टप्पा आहे.

शेवटचं अक्षर वाचा

इंटेलच्या आय-५ १२४०० मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावलं नाही तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही! एफ नसलेल्या १२४०० मध्ये क्विक सिंक ही सोय मिळते. ती व्हिडिओ उलगडण्या-बांधण्याचं काम वेगळं सांभाळते, त्यामुळे एडिटिंगवाल्याने थोडे पैसे वाचवायला 'एफ' घेताना दोनदा विचार करावा.

एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये 'जी' म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स. नुसत्या ५६०० मध्ये ते नाही, पण कॅश दुप्पट आहे : १६ ऐवजी ३२ एमबी.

म्हणून सरळ हिशोब असा :

१. आत्ता कार्ड घ्यायचं नाही, हलके गेम आणि एडिटिंग : ५६००जी किंवा १२४००. रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी लावली तर आतलं ग्राफिक्स मंदावतं.

२. कार्ड आत्ताच घ्यायचं आहे : ५६०० किंवा १२४००. गेमच जास्त असेल आणि बजेट ताणलेलं असेल तर आय-३ १२१००एफ घेऊन उरलेले पैसे कार्डात घाला.

३. रोज तासन्‌तास एडिटिंग, त्यावर कमाई : तेव्हा ८ कोअरचा विचार करा, उदा. रायझन ७ ५७००एक्स.

मोल कसं काढायचं?

समजा, एका प्रोसेसरचे १२,००० रुपये आणि तुमचा व्हिडिओ १० मिनिटांत तयार होतो. दुसऱ्याचे २४,००० आणि ८ मिनिटं लागतात. म्हणजे दोन मिनिटांसाठी १२,००० रुपये जास्त. महिन्याला चार व्हिडिओ करणाऱ्याला हे परवडतं का? हे गणित चौथीतलं पोरगंही करेल.

आणि प्रोसेसर एकटा येत नाही. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय धरून बेरीज करा. उन्हाळ्यात प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणून कॅबिनेटला हवा खेळती हवी. वीज अचानक जात असेल तर यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपल्याच मोबाइलचा एक व्हिडिओ न्या. तो तिथे चालवून, कापून, एक्सपोर्ट करून बघा. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव अक्षरासकट लिहून घ्या. मी हे केलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

त्या पालकांना मी एवढंच सांगितलं : पोराला सोबत न्या आणि हे गणित त्यालाच मांडायला लावा. परवा त्यांचा फोन आला. कार्ड पुढच्या हंगामात बघू असं ठरलंय, आणि आय सेव्हन नको, हे पोरानेच दुकानदाराला समजावून सांगितलं म्हणे.