दम लागतो, पण दुखणं किडनीचं

डायलिसिसला आलेला रुग्ण आधी वजनकाट्यावर उभा राहतो. समजा, मागच्या वेळी घरी जाताना वजन ५८ किलो होतं, आज ६१ भरलं. दोन-तीन दिवसांत अंगावर एवढं मांस चढत नाही. हे जवळजवळ तीन लिटर पाणी आहे. ‘रात्री आडवं झालं की जीव घाबरा होतो, बसूनच रात्र काढली,’ असं तो सांगतो. फुप्फुसांचा मूळचा आजार मात्र काहीच नसतो.

निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे सोडतात. ती थकली की मीठ आणि पाणी अंगात साठतं, रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी फुप्फुसांच्या वायुकोशांत झिरपतं. दिवसा पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर छातीकडे परततं, म्हणून धाप रात्री लागते.

फुप्फुसं आणि मूत्रपिंडांना जोडणारा हा पहिला धागा पाण्याचा. दुसरा धागा आम्लाचा. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. त्यासाठी फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, हे काम मिनिटांत होतं. मूत्रपिंडं लघवीतून आम्ल काढतात आणि बायकार्बोनेट राखतात. त्यांना दिवस लागतात. मूत्रपिंडं निकामी झाली की फुप्फुसं खोल, भराभर श्वास घेऊन आम्ल आवरतात. उलट, वर्षानुवर्षं बिडीच्या किंवा चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब झाली आणि कार्बन डायऑक्साइड साचू लागला, तर मूत्रपिंडं जास्त बायकार्बोनेट धरून ठेवतात आणि तोल सांभाळतात.

तिसरा धागा रक्ताचा. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन सोडतात. त्यानं अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढतात. मूत्रपिंडांच्या जुनाट आजारात हे संप्रेरक घटतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि फुप्फुसं स्वच्छ असूनही जिना चढताना दम लागतो.

म्हणूनच घरात कुणाला धाप लागत असेल, तर छातीच्या एक्स-रेवर थांबू नका. नडगीवर अंगठा दाबून पाहा, खळगा राहतो का? लघवी कमी झाली आहे का? डॉक्टरांना हे सांगा, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन तपासायचं का ते विचारा. बसल्या जागीही श्वास पुरत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. डायलिसिसवरच्या माणसाच्या ताटातलं लोणचं-पापड आपुलकीनंच दूर ठेवा. मिठानं तहान लागते आणि तहानेनं पाणी वाढतं.

डायलिसिसच्या चार तासांनंतर त्या रुग्णाचा काटा पुन्हा ५८ च्या आसपास येतो. त्या रात्री तो माणूस एका उशीवर आडवा झोपतो.